टोकावड्याची शेरळ : हर्बेरियमसाठी नमुना करण्याची कृती

पावसाळा सरला, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळले, की ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या टोकावडे परिसरात ओढ्यांच्या आणि काळू नदीच्या काठाने शेरळ दिसू लागते. कमरेएवढी, कधी पुरुषभर उंच. लालसर, फुगीर पेऱ्यांची. भाल्याच्या पात्यासारख्या लांब पानांची. शेंड्याला गुलाबी फुलांचे तुरे. शास्त्रीय नाव पर्सिकेरिया ग्लाब्रा. जुन्या पुस्तकांत ती पॉलिगोनम ग्लाब्रम या नावाने सापडते. कूळ पॉलिगोनेसी. बाजारातला आंबट चुका, उत्तरेकडे उपवासाला खातात तो कुट्टू, थरच्या वाळवंटातला फोग आणि अमेरिकेतल्या रखरखीत घळींतल्या एरिओगोनमच्या शेकडो जाती ही सगळी याच कुळातली मंडळी.

पहिला हर्बेरियम नमुना, म्हणजे दाबून, वाळवून कागदावर लावलेली वनस्पती, करायला शेरळ उत्तम. ती दुर्मीळ नाही, पाने पातळ असल्याने लवकर वाळते, आणि ओळखीची मुख्य खूण वाळल्यावरही शाबूत राहते.

कृतीला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. हर्बेरियमच्या कागदावर झाड असते आणि कोपऱ्यात चिठ्ठी असते. या दोहोंत चिठ्ठी अधिक मोलाची. एकोणिसाव्या शतकात स्टॉक्स, लॉ वगैरे संग्राहकांनी कोकणात गोळा केलेले कितीतरी नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानात गेले. त्यांतल्या अनेकांवर ‘मलबार, कोकण वगैरे, स्टॉक्स, लॉ वगैरे’ एवढीच छापील चिठ्ठी आहे. झाड जपले गेले, पण ते नेमके कुठून आणि कधी उचलले हे कायमचे हरवले. आपल्या नमुन्याचे तसे होऊ नये. शंभर वर्षांनी कोणी चिठ्ठी वाचली, तर त्याला त्याच काठावर जाऊन उभे राहता आले पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर तपासावी.

साहित्य

- वनस्पती दाबण्याची प्रेस: साधारण 30 × 45 सेंमीच्या दोन प्लायवूडच्या फळ्या किंवा बांबूच्या पट्ट्यांच्या चौकटी, आणि आवळायला दोन पट्टे. पट्टे नसतील तर सुतळी चालते.
- जुनी वर्तमानपत्रे. गुळगुळीत, रंगीत मासिकांचा कागद घेऊ नये; तो ओल शोषत नाही.
- टिपकागद आणि पन्हळी पुठ्ठे. किराणा दुकानातली रिकामी खोकी कापली की पुठ्ठे मिळतात.
- सिकेटर, खुरपे, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी.
- दोरा लावलेले छोटे टॅग, शिसपेन्सिल, जाड पुठ्ठ्याची नोंदवही. जेल पेन घरी ठेवावे. दवाच्या एका थेंबाने अक्षर पुसते.
- अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाइल.
- नमुना चिकटवायला सुमारे 42 × 28 सेंमीचा जाड पांढरा कागद. आम्लरहित मिळाला तर उत्तम; साधा कागद काही वर्षांत पिवळा पडून तुटतो.
- फेव्हिकॉल, पांढरा दोरा, सुई, कागदी पाकिटे.

1. परवानगी आणि जागा

ओढाकाठ खाजगी मालकीचा असेल तर मालकाला विचारावे. जमीन वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू होतो. तिथे परवानगीशिवाय काडीही उचलता येत नाही. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवले तर दुहेरी फायदा होतो. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ही समिती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते आणि आपली नोंद तिथेही जाऊ शकते.

काय तोडायचे नाही, हेही आधीच ठरवून निघावे. ठिकाणी दहा-वीसच झाडे असतील तर हात लावू नये. शिंदळ माकुडी हे त्याचे ठळक उदाहरण. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने 1865 साली तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका असे नाव दिले. घाटमाथ्यावर जुन्नरकडच्या शिवनेरीसारख्या कड्यांवर ती मोजक्या जागी उगवते. असे झाड कड्यावर दिसलेच, तर मोजपट्टी शेजारी धरून फोटो घ्यावेत, जागा लिहावी आणि पुढे चालू लागावे. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये; ती संशोधकांना आणि वनखात्याला सांगावी.

2. झाड निवडणे

फूल आणि फळ दोन्ही असलेले झाड घ्यावे. नुसत्या पानांच्या नमुन्यावरून या कुळातली जात ठरवणे अवघड जाते. शेरळ वनस्पतीच्या एकाच तुऱ्यावर वरच्या टोकाला फुले आणि खाली पिकलेली फळे बहुधा मिळतात. दव उडून गेल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तोडावे. ओली पाने प्रेसमध्ये काळी पडतात.

रोगट किंवा किडीने खाल्लेले झाड टाळावे, आणि मुद्दाम सर्वांत देखणेही शोधू नये. त्या काठावर बहुसंख्य झाडे जशी दिसतात तसे एक निवडावे.

खालच्या पेऱ्यांना मुळे फुटलेली असतात. खुरप्याने तो भाग अलगद काढून पाण्यात धुवावा. अख्खे झाड कागदावर मावणार नाही, म्हणून तीन तुकडे घ्यावेत: मुळांसह बुंधा, मधले दोन-तीन पेर आणि फुलांचा शेंडा. तिन्ही तुकडे एकाच झाडाचे असावेत. दोन झाडांचे तुकडे एका क्रमांकाखाली एकत्र करणे ही या कामातली मोठी गफलत. पुढे ती कोणालाच सुधारता येत नाही.

एका वेळी त्याच झाडाचे दोन-तीन जोड नमुने, म्हणजे तशाच प्रती, घ्यावेत. एक आपल्याकडे राहील, एक मोठ्या संग्रहाला जाईल.

3. नोंद जागेवरच

झाड तोडल्याबरोबर त्याला टॅग बांधून क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत लिहावा. क्रमांक आयुष्यभराचा असतो. पहिला नमुना 1, मग 2, 3 असे पुढे जायचे. वर्ष बदलले, गाव बदलले तरी पुन्हा 1 पासून सुरू करायचे नाही. जोड नमुन्यांना मात्र एकच क्रमांक.

वहीत पुढील गोष्टी तिथेच, उभ्या उभ्या लिहाव्यात.

*ठिकाण.* राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि मग कायमच्या खुणेपासूनचे अंतर व दिशा. तालुका गाळू नये. एकाच नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. जिल्ह्याचीही खबरदारी हवी. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या चिठ्ठीवर नुसते ‘ठाणे जिल्हा’ लिहिलेले असेल, तर तो नमुना मुरबाडचा की जव्हार-मोखाड्याचा, हे आज सांगता येत नाही.

*अक्षांश-रेखांश.* दशांश अंशांत, दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत. चौथा अंक म्हणजे जमिनीवर साधारण 11 मीटर. दोनच अंक लिहिले तर चूक किलोमीटरभराची, म्हणजे भलताच ओढा. मोबाइल किती मीटरपर्यंत अचूक वाचतो आहे तेही लिहावे. समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवावी. टोकावड्याची सपाटी आणि माळशेजचा माथा यांत काही किलोमीटरमध्येच शेकडो मीटरचा फरक पडतो आणि वनस्पतीही बदलतात.

*अधिवास.* पाणी वाहते की साचलेले, माती गाळाची की मुरमाड, ऊन की सावली, शेजारी कोणती झाडे आहेत. ‘नदीकाठ’ एवढे लिहून भागत नाही.

*वाळल्यावर हरवणाऱ्या गोष्टी.* झाडाची पूर्ण उंची, फुलांचा रंग, खोडाचा रंग, वास, चीक आहे का, देठ भरीव की पोकळ. शेरळ वनस्पतीची गुलाबी फुले काही महिन्यांत तपकिरी होतात. पुढे रंग सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपली वही.

*संख्या.* काठावर एकच झाड होते, विखुरलेली होती की दाट बेट होते.

*लोकांचे नाव आणि उपयोग.* जवळपास ठाकर, महादेव कोळी किंवा कातकरी वस्ती असेल तर जाणत्या माणसाला झाड दाखवून नाव विचारावे आणि ऐकले तसे लिहावे, ‘सुधारून’ नव्हे. कोणत्या वाडीत ऐकले तेही लिहावे. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीनेच घालावे. औषधी उपयोग सांगितला, तर तो छापण्याआधी पुन्हा विचारावे. ते ज्ञान त्यांचे आहे.

*तारीख.* दिवस, महिना, चार आकडी वर्ष. महिना अक्षरांत लिहावा; 5/11 हा पाच नोव्हेंबर की अकरा मे, असा वाद उरत नाही.

4. प्रेसमध्ये घालणे

शक्य तर ओढ्याकाठीच प्रेस उघडावी. पिशवीत घरी न्यायचेच झाले, तर प्लास्टिकमध्ये थोडे पाणी शिंपडून बांधावे आणि त्याच दिवशी दाबावे.

वर्तमानपत्राच्या घडीत झाड पसरावे. लांब तुकडा इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एन’च्या आकारात मोडावा, पाने एकमेकांवर चढली तर एखादे काढावे, पण देठाचा बुडखा ठेवावा, म्हणजे तिथे पान होते हे कळते. एक-दोन पाने उलटी ठेवावीत. पानांच्या मागच्या बाजूचे बारीक ठिपके ओळखीला लागतात. बुंधा जाड असेल तर उभा चिरून अर्धा ठेवावा. सुटी फुले-फळे वेगळ्या पाकिटात, त्यावर तोच क्रमांक.

पेऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे. या कुळातल्या आपल्याकडच्या बहुतेक वनस्पतींत पानाच्या देठाशी खोडाला वेढणारी पातळ नळी असते. वनस्पतिशास्त्रात तिला ऑक्रिया म्हणतात. निदान दोन पेरी अशी ठेवावीत की ही नळी चिरडणार नाही, झाकलीही जाणार नाही.

आता थर रचावेत: पुठ्ठा, टिपकागद, झाडाची घडी, टिपकागद, पुठ्ठा. पन्हळींच्या नळ्या सगळ्या एकाच दिशेने ठेवाव्यात, म्हणजे हवा आरपार जाते. वर फळी ठेवून गुडघ्याचा जोर देत पट्टे आवळावेत.

5. वाळवणे

पहिल्या चोवीस तासांनी प्रेस उघडणे चुकवू नये. झाड तेव्हा मलूल झालेले असते, अजून ठिसूळ नसते. दुमडलेली पाने सरळ करण्याची ही शेवटची संधी. पुढे तीन-चार दिवस टिपकागद रोज बदलावा, नंतर एक दिवसाआड. वापरलेला कागद उन्हात वाळवून पुन्हा घेता येतो. झाडाची घडी मात्र बदलू नये. क्रमांक आणि झाड यांची फारकत अशा बदलाबदलीतच होते.

दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत शेरळ साधारण आठवड्यात वाळते. खात्री करायला नमुना गालाला लावावा. गार लागला तर आत ओल आहे. एका टोकाला धरून उचलल्यावर ताठ राहिला तर झाला.

*पावसाळ्यातला नमुना.* शेवळे, तेरडा, कळलावी, रानहळद यांना पावसाळ्यातच गाठावे लागते, आणि मुरबाड-शहापुरात त्या दिवसांत कपडेही वाळत नाहीत. अशा वेळी लाकडी खोक्याच्या तळाशी 60 वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे, तापणारे दिवे लावावेत आणि वर प्रेस अशी उभी ठेवावी की पन्हळींच्या नळ्यांतून गरम हवा वर चढेल. एलईडी दिवा पुरेसा तापत नाही. उष्णता 45 अंश सेल्सिअसच्या आसपास राहू द्यावी. त्याहून फार वाढली तर पाने करपून ठिसूळ होतात. दिवा कागदापासून लांब ठेवावा आणि खोके सोडून कुठे जाऊ नये.

वीज नसेल तर दुसरी युक्ती. क्रमांक घातलेल्या घड्यांचा गठ्ठा जाड प्लास्टिक पिशवीत ठेवावा, कागद भिजतील इतके सर्जिकल स्पिरिट ओतावे आणि तोंड घट्ट बंद करावे. गठ्ठा काही आठवडे टिकतो, नंतर सवडीने वाळवता येतो. रंग जातात, त्यामुळे रंगाची नोंद आधीच झालेली हवी. स्पिरिट चुलीपासून आणि विडी-काडीपासून दूर ठेवावे.

*मांसल झाडे.* कंद, ऑर्किड आणि जाड पानांची झाडे प्रेसमध्येही कित्येक दिवस जिवंत राहतात आणि पाने गाळतात. फूल बाहेर धरून बाकीचा भाग काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवावा, मग दाबावा. शेवळ्यासारख्या कंदाची एक आडवी चकती पुरते.

6. ओळख पटवणे

शेरळ नक्की करायला भिंगाखाली पेऱ्यावरची नळी पाहावी. पर्सिकेरिया ग्लाब्राच्या नळीची कड साफ असते, तिला केस नसतात. पाणथळीतच भेटणाऱ्या पर्सिकेरिया बार्बाटाच्या नळीला लांब, ताठ केसांची झालर असते. तिची फुले बहुधा पांढरी आणि फळे तिधारी. ग्लाब्राचे फळ काळे, चकचकीत, दोन्ही बाजूंनी फुगीर. अमेरिकन एरिओगोनमना ही नळीच नसते, त्यामुळे कूळ एक असूनही ती मंडळी पटकन वेगळी काढता येते.

पुस्तकांत थिओडोर कुक यांचा 1901 ते 1908 दरम्यान निघालेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा अजून कामी येतो. महाराष्ट्रासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे खंड पाहावेत. हे कूळ 2001 साली निघालेल्या, द्विदल वनस्पतींच्या दुसऱ्या खंडात आहे. संग्रहात किंवा संगणकावर शोधताना पर्सिकेरिया आणि पॉलिगोनम ही दोन्ही नावे टाकावीत. एकाच नावाने शोधले तर निम्म्या नोंदी हाताबाहेर राहतात.

नाव पटले नाही तर कूळ किंवा प्रजातीपर्यंतच लिहून थांबावे. अर्धवट ओळखलेला नमुना निकामी नसतो. चुकीच्या नावाचा मात्र भलत्या कपाटात जाऊन बसतो.

7. कागदावर लावणे

उजवा खालचा कोपरा चिठ्ठीसाठी मोकळा सोडावा. बुंधा खाली, शेंडा वर ठेवावा. फेव्हिकॉल पाण्यात सैल करून मागच्या बाजूला ब्रशने थोडा लावावा. जाड देठ दोऱ्याने शिवावेत आणि गाठ कागदाच्या मागे मारावी. सेलोटेप लावू नये. दोन-चार वर्षांत तो पिवळा होऊन सुटतो आणि पाने ओढून नेतो. सुट्या फुला-फळांचे पाकीट वरच्या मोकळ्या जागेत चिकटवावे.

चिठ्ठी अशी असावी:

> पर्सिकेरिया ग्लाब्रा — कूळ पॉलिगोनेसी
> स्थानिक नाव: शेरळ (कोणत्या वाडीत ऐकले ते)
> महाराष्ट्र, जि. ठाणे, ता. मुरबाड, टोकावडे; ओढ्याचे नाव, कोणता काठ, पुलापासून अंतर व दिशा
> अक्षांश, रेखांश, अचूकता, उंची
> अधिवास: वाहत्या पाण्याकडेचा गाळ, पूर्ण ऊन, दाट बेट
> वर्णन: उंची सुमारे 1.2 मी.; खोड लालसर; फुले गुलाबी; फळे काळी
> संग्राहक व क्रमांक, तारीख
> ओळख कोणी पटवली, कोणत्या वर्षी

शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहावे. बाकी मजकूर मराठीत असला तर त्याची इंग्रजी प्रतही जोडावी; जगभरचे अभ्यासक ती वाचतात. पुढे कोणी नाव दुरुस्त केले, तर नवी चिठ्ठी शेजारी लावायची. जुनी कधीही काढायची नाही, खोडायचीही नाही.

8. कीड आणि साठवण

वाळलेल्या वनस्पतींना तंबाखूवर पडतो तोच बारीक भुंगेरा लागतो, कसरही लागते. नमुने प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 ते 20 अंशांना आठवडाभर ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर कागदावर दव धरते. दर पावसाळ्यानंतर हा प्रयोग पुन्हा करावा. नुसत्या कडुलिंबाच्या पाल्यावर विसंबू नये.

पूर्वी नमुने टिकवायला पाऱ्याचे विषारी क्षार वापरत. जुन्या संग्रहातले कागद हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. शाळा-महाविद्यालयात ती पद्धत कोणी शिकवत असेल तर ती थांबवावी.

9. नोंद जगासमोर ठेवणे

कागदाचा मोजपट्टीसह फोटो काढावा. चिठ्ठीतली माहिती संगणकातल्या तक्त्यात भरावी. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रकाना द्यावा, जिल्हा-तालुका-गाव एकाच रकान्यात कोंबू नये. अशाच तक्त्यांतून जागतिक माहितीकोशात नोंदी जातात, आणि एखादी वनस्पती कुठे होती, कुठे उरली, फुलण्याचा महिना सरकला का, हे त्यांवरून काढता येते.

जोड नमुना मोठ्या संग्रहाला द्यावा. मुंबईत सेंट झेविअर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, 1906 साली सुरू झालेले. स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांचे नाव त्याला आहे. हॉलबर्ग यांच्यासोबत भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींचा अभ्यास करणारे तेच ब्लॅटर. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संग्रह आहे. आधी पत्र लिहून नियम विचारावेत, मग नमुने पाठवावेत.

शेवटी तयार चिठ्ठी एखाद्या परक्या माणसाच्या हाती द्यावी आणि विचारावे: यावरून तुम्ही त्या जागी जाऊ शकाल का? उत्तर ‘नाही’ आले तर जागेवर परत जाऊन नोंद पुरी करावी. तेही जमण्यासारखे नसेल तर तो नमुना वर्गात शिकवायला वापरावा, संग्रहात ठेवू नये. मुरबाड-शहापूरच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या एका ओढ्यापासून हे काम सुरू करावे. तिथली नोंद तुमच्याइतकी नेमकी दुसरे कोणी करू शकत नाही.